हक्कसोड : बहिणीच्या एका सहीची गोष्ट

पोस्ट लांब आहे. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा. पण ज्यांच्या घरात सातबारा आहे आणि ज्यांना बहीण आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती.

वडील गेले. दिवसकार्य आटोपलं आणि महिनाभराने वारसनोंदीसाठी गावच्या तलाठी ऑफिसात गेलो. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात.) जमीन साडेचार एकर, त्यातली निम्मी कोरडवाहू. कागद चाळता चाळता साहेबांनी विचारलं, "बहिणी किती?" म्हटलं, दोन. "मग त्यांचं हक्कसोड कधी करताय? आत्ताच करून टाका, नंतर कटकट नको."

यात त्यांचा वाईट हेतू काहीच नव्हता. समोरच्याला चहा विचारावा तितक्या सहज ते बोलले. दिवसातून चार जणांना हेच सांगत असतील. आणि खरं सांगतो, माझ्याही तोंडून "हो, बघतो" असंच निघालं.

मी ८ मार्चला न चुकता पोस्ट टाकणारा माणूस. ३ जानेवारीला सावित्रीबाईंचा फोटो टाकणारा. मुलीला आणि मुलाला सारखं वाढवलं म्हणून मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देणारा. तरी "हो, बघतो". परतीच्या एसटीत बसल्यावर मात्र स्वतःचीच लाज वाटायला लागली. मत एक आणि हात दुसरंच करतोय, हे असं का होतं?

घरी येऊन जुनी पुस्तकं काढली. म्हटलं, हा घोळ आपल्यापुरता आहे की जुना आहे? जुना आहे. चांगला दीडशे वर्षांचा आहे. त्यातल्या चार गोष्टी सांगतो, मग परत माझ्या साडेचार एकरांकडे येतो.

०००

पहिली गोष्ट न्यायमूर्ती रानड्यांची. बहुतेकांना माहीत असेल, पण आज ती वेगळ्या कारणाने आठवली.

विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ साली. म्हणजे सरकारदरबारी प्रश्न सुटला. पण लग्नं होईनात. मग विष्णुशास्त्री पंडित वगैरे मंडळींनी मुंबईत विधवाविवाहोत्तेजक मंडळ काढलं, वाद घातले, १८६९ साली एक गाजलेला पुनर्विवाह लावून दिला आणि त्यापायी बहिष्कारही सोसला. रानडे या चळवळीतले मोठे नाव. बुद्धी, अधिकार, मान, सगळं होतं.

१८७३ साली रानड्यांची पहिली पत्नी वारली. वय एकतीस. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागले. आता हा माणूस विधवेशी लग्न करणार. वडिलांनाही तीच धास्ती होती, म्हणून त्यांनी घाईघाईने स्थळ ठरवलं. रानडे नको म्हणाले, पण वडिलांच्या शब्दापुढे शेवटी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. त्याच पुढे रमाबाई रानडे झाल्या. रानड्यांनी त्यांना शिकवलं, आणि पुढे रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं. त्याचं श्रेय दोघांनाही द्यायला हवं. पण १८७३ सालचा तो एक दिवस पुसता येत नाही. बाहेरचा कुठलाही शत्रू समोर नव्हता. समोर होते वडील.

रानड्यांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. आपण कोण त्यांना नावं ठेवणारे? एवढ्या मोठ्या माणसाचंही गणित घरात येऊन चुकलं, हे ध्यानात ठेवायचंय. सभेत मत मांडताना फक्त विरोधक नाराज होतात. घरात तेच मत अमलात आणायचं तर आपली माणसं नाराज होतात. माझं "हो, बघतो" याच जातकुळीतलं. फरक इतकाच, की रानड्यांवर वडिलांचा दबाव तरी होता. माझ्यावर कुणाचाच नव्हता. फायदा माझा होता, तेवढंच.

०००

दुसरी गोष्ट १८९० सालची, मुंबईतली. पाठ्यपुस्तकात ती फारशी येत नाही.

त्या काळी ब्राह्मण आणि काही इतर वरच्या जातींत नवरा गेला की बाईचं केशवपन करायचे. पुन्हा पुन्हा, आयुष्यभर. आठ-दहा वर्षांच्या बालविधवाही त्यातून सुटायच्या नाहीत. यावर सुधारक लिहीत होते, व्याख्यानं देत होते. वाद काय चालायचा? शास्त्रात आधार आहे की नाही. या बाजूचा शास्त्री एक श्लोक काढायचा, त्या बाजूचा दुसरा.

नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु' पत्र चालवणारे, गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे. त्यांनी हा प्रश्न शास्त्र्यांकडून काढून घेतला आणि ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांच्यापुढे ठेवला. केशवपन कोण करतं? न्हावी. मग न्हाव्यानेच नाही म्हटलं तर? मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि त्यांनी ठरवलं, की विधवांच्या डोक्याला यापुढे वस्तरा लावायचा नाही. या क्रूर कामात आम्ही हात घालणार नाही.

जरा थांबून विचार करा. या माणसांकडे पदव्या नव्हत्या, पैसा नव्हता, जातीच्या उतरंडीत ते खालच्या पायरीवर. ज्या घरांत नाही म्हणायचं होतं ती घरं वरची, सावकाराची, वकिलाची, भटजीची. आणि जे नाकारायचं ती त्यांची रोजची कमाई. तरी ते नाही म्हणाले. एका सभेने प्रथा संपली असं मी म्हणत नाही. ती पुढे कित्येक वर्षं चालली, हळूहळू विरत गेली. पण बाईच्या हक्कासाठी आपल्या धंद्यावर पाणी सोडणारी पुरुषांची इतकी सरळ कृती आपल्या इतिहासात फार सापडत नाही. त्याच वर्षी, नोव्हेंबरात, जोतीराव गेले.

मला यातून एक साधा प्रश्न मिळाला. एखादी वाईट रीत चालते तेव्हा ती कुणाच्या तरी हातून चालते. वस्तरा कुणाच्या हातात आहे? तो माझ्या हातात असेल, तर मला शास्त्र, समाज, पुढची पिढी यांची वाट बघायचं कारणच नाही. वस्तरा खाली ठेवायचा.

(कंसात एक. १८९० नंतर १३२ वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र नि जोडवी काढून घेणं बंद. सरकारनेही लगोलग परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. ठराव चांगलाच. पण तिथेही प्रश्न तोच. तो दगड उचलून बांगडीवर मारणारा हात आपल्याच घरातल्या कुणाचा तरी असतो, आणि त्या दिवशी त्या हाताला धरणारं कुणीतरी लागतं.)

०००

तिसरी गोष्ट महाडची. डिसेंबर १९२७. २५ तारखेला मनुस्मृती जाळली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर बाबासाहेबांनी परिषदेला आलेल्या बायकांशी वेगळं बोलणं केलं. त्याबद्दल आपण कमी बोलतो.

तेव्हा अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या जातींतल्या बायकांच्या पेहरावावर जातीचा शिक्का होता. साडी गुडघ्यापर्यंत आखूड नेसायची, हातागळ्यात ठरावीक जड, हलक्या धातूचे दागिने. लांबून बघून जात कळावी, हाच त्याचा उपयोग. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं, की अशी ओळख पटवणारी नेसण सोडा, इतर बायका नेसतात तशी साडी नेसा, तो दागिन्यांचा भार उतरवा, स्वच्छ राहा, मुलींना शाळेत घाला. फाटकी नेसली तरी चालेल, पण नीट नेसा.

आणि बायकांनी काय केलं? विचार करतो म्हणाल्या नाहीत. तिथल्या तिथे नेसण बदलली. महाडच्या चित्रे-टिपणीस मंडळींच्या घरच्या बायकांनी त्यांना घोळदार साडी नेसायला मदत केली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या अशा बायकांचा इतिहास गोळा केलाय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा.

आपल्याला वाटेल, साडीत काय एवढं? पण त्या बायका परिषदेच्या मांडवात कायमच्या राहणार नव्हत्या. घोट्यापर्यंत साडी नेसून त्यांना आपापल्या गावात परत जायचं होतं. त्याच पाणवठ्यावरून, त्याच पाटलाच्या वाड्यासमोरून. मांडवात शब्द ऐकायला धाडस लागत नाही. गावच्या वेशीत तशा साडीने शिरायला लागतं. आणि ते दुसऱ्या दिवशी परत, आणि तिसऱ्या दिवशी परत. विचार रोजच्या वापरात येतो म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

रानड्यांना घरात अडलं. नाभिकांनी हातातलं काम नाकारलं. महाडच्या बायकांनी अंगावरची रीत बदलली. आता उरली जमीन.

०००

जमिनीचा इतिहास कंटाळवाणा वाटतो, पण थोडक्यात सांगतो, कारण आपल्या प्रत्येकाच्या घरात तो पेटीत ठेवलेला आहे.

१९३७ साली हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा देणारा कायदा झाला. मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांनी तो मांडला होता म्हणून त्याला देशमुख कायदाही म्हणतात. पण हिस्सा हयातभर उपभोगायचा, विकायचा अधिकार नाही. मुलीचं नावच नाही. मग बाबासाहेबांचं हिंदू कोड बिल. त्यात मुलीला वारसा होता. ते संसदेत रखडवलं गेलं आणि १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्याची कारणं अनेक होती, पण हे एक मोठं कारण होतं. कायदामंत्र्याने बायकांच्या वारसाहक्कासाठी खुर्ची सोडली, हे आपल्या लेकींना सांगितलं पाहिजे.

१९५६ चा वारसा कायदा आला. वडिलांच्या वाट्यात मुलीला हिस्सा मिळाला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत ती मुलासारखी जन्मापासूनची हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा बदलून तो अधिकार दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ साली केंद्राने ही अट न ठेवता देशभर मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. त्यातही वाद निघाला, की २००५ साली वडील हयात असायला हवेत का? ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, गरज नाही. मुलीचा हक्क जन्माने आहे.

म्हणजे १९३७ ते २०२०. त्र्याऐंशी वर्षं घासाघीस झाली आणि कागदावर बहीण भावाच्या बरोबरीला आली. पण प्रत्यक्षात? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमीन कसणाऱ्या खातेदारांत बायका होत्या साधारण १४ टक्के. निंदणी, खुरपणी, कापणी, काढणीला शेतात बघा, आणि मग हा आकडा बघा.

मधलं अंतर कोण खातंय? मी माझ्याच घराचे जुने फेरफार काढून बघितले. आजोबा गेले १९७९ साली. मला चार आत्या. १९५६ चा कायदा होऊन तेवीस वर्षं झालेली, म्हणजे आत्यांचा हिस्सा कायद्याने होताच. फेरफारात वडिलांचं नाव, पुढे 'ए.कु.मॅ.'. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. गावाकडे याला एकुम्या म्हणतात. आत्यांची नावं कुठेच नाहीत. काही घरांत निदान इतर हक्काच्या रकान्यात बहिणींची नावं लिहायचे, आमच्याकडे तेही नाही. वडील वाईट होते का? अजिबात नाही. चारही आत्यांची बाळंतपणं आमच्या घरी झाली. दर दिवाळीला साडीचोळी चुकली नाही. मला ते सगळं आठवतं, आणि आता फेरफारही दिसतो. दोन्ही खरं आहे.

०००

चौथी गोष्ट इथे येते. ती ज्यांनी पाहिली असे बरेच लोक अजून हयात आहेत.

नोव्हेंबर १९८६. नाशिक जिल्ह्यातलं चांदवड. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने तिथे शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. लाखांच्या संख्येने बायका आल्या, खेड्यापाड्यातल्या, डोक्यावर पदर, कडेवर पोर. बायकांचा प्रश्न म्हणजे शहरातल्या शिकलेल्या बायांचं खूळ, असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्या गर्दीने बंद केली. शेतकरी महिला आघाडी उभी राहिली.

मग तीनेक वर्षांनी जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' हा कार्यक्रम दिला. त्यामागचा युक्तिवाद शेतकऱ्याला झटकन कळणारा होता. आपण सरकारला म्हणतो, आमच्या घामाचा भाव दे, तू आम्हाला लुटलंस. बरोबर आहे. पण तुझ्या घरातली लक्ष्मी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते, तिच्या घामाचा भाव तू दिलास का? सरकारकडे कर्जमुक्ती मागायच्या आधी घरचं हे कर्ज फेड. कसं फेडायचं? जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर कर. ज्या गावात शंभर घरं असं करतील त्या गावाला मी स्वतः येईन.

जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाने ते केलं. शंभराहून जास्त शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. मग इतर गावंही पुढे आली. पुढे, १९९२ साली, सरकारनेही याच नावाने परिपत्रक काढून अर्ज केल्यावर सातबारावर पतीबरोबर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय केली.

याच विचारातून जोशींनी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं रावेरी इथलं सीतेचं मंदिर दुरुस्त करून घेतलं. तिथली कथा अशी, की रामाने टाकलेली सीता या गावात आली, गावकऱ्यांकडे मूठभर गहू मागितले, त्यांनी दिले नाहीत, म्हणून तिने शाप दिला की इथे गहू पिकणार नाही. कथेतला खरेखोटेपणा सोडा. घरातून काढलेल्या बाईच्या हातात एक गुंठाही नसतो, म्हणून तिला मूठभर धान्य मागत फिरावं लागतं, हे त्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवलंय.

लक्ष्मीमुक्तीवर टीकाही झाली. नाव बायकोचं, व्यवहार नवऱ्याचा. बँकेत सही तिची, पैसे त्याच्या खिशात. यात तथ्य आहे. सातबारावर नाव लागलं म्हणून बाई दुसऱ्या दिवशी मालकीण होत नाही. पण उलट बाजूने बघा. नाव नसलेल्या बाईला नवऱ्याने हाकललं तर तिच्या हातात काय? नाव असलेल्या बाईच्या सहीशिवाय निदान ती जमीन विकता येत नाही, सावकाराच्या घशात घालता येत नाही. दारूड्या नवऱ्याच्या घरात हा फरक किती मोठा असतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त काय भावलं? जोशींनी शेतकऱ्याला स्त्रीवाद समजावत बसायला फार वेळ घालवला नाही. तलाठी ऑफिसात जा, एवढंच सांगितलं. शंभर जण गेले. समजणं पुढे होत राहिलं असेल.

०००

आता परत माझ्याकडे.

त्या संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "दादा, सहीला कधी येऊ ते सांग. शनिवारी आले तर चालेल का? सुट्टी काढायला नको." म्हटलं, कशाची सही? तर हसली. "अरे, हक्कसोडाची. वहिनीला टेन्शन नको. आम्हाला काही नको रे. फक्त माहेर राहू दे."

फक्त माहेर राहू दे.

हे वाक्य मी आयुष्यात शंभरदा ऐकलं असेल. आत्यांच्या तोंडून, मावशीच्या तोंडून. प्रेमाचं वाक्य म्हणून ऐकलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यातला हिशोब ऐकू आला. माझी बहीण माझ्याकडून तिचं स्वतःचंच माहेर विकत घेत होती. तिच्या हिश्श्याची जमीन देऊन. त्याच घरात मी मात्र फुकटात राहतो. मला दिवाळीला स्वतःच्या घरी यायला काही सोडावं लागत नाही.

आपण म्हणतो, "बहिणींनी खुशीने दिलं." जिला माहीत आहे की हक्क मागितला तर दार बंद होईल, भाचरांच्या लग्नात बोलावणं येणार नाही, चारचौघात 'भावाच्या पोटावर पाय देणारी' म्हणतील, तिची खुशी किती खुशी? खुशी बघायची असेल तर आधी तिचं नाव लावा. हिस्सा तिच्या हातात येऊ द्या. मग वर्षा-दोन वर्षांनी तिला वाटलं तर देईल, नाही वाटलं तर नाही देणार. त्याला खुशी म्हणता येईल.

रात्री बायकोला सांगितलं, की मी सगळ्यांची नावं लावतोय. आई, मी, दोघी बहिणी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, आता मुलांचं काय म्हणून विषय निघणार. म्हणजे माझ्या मनात तेच होतं, आणि ते तिच्या तोंडी घालायला मी तयार होतो. पण ती म्हणाली, "माझे बाबा गेले तेव्हा मी पण सही केली होती. तुम्हीच गाडीवरून घेऊन गेला होतात तालुक्याला. तेव्हा नाही काही म्हणालात."

खरं होतं. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात मी बाहेर बाकावर बसून पेपर वाचत होतो. सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला. तिच्या भावाने तिला चांगली साडी घेतली, आम्ही सगळे हॉटेलात जेवलो, हसत घरी आलो. त्याही वर्षी मी ८ मार्चची पोस्ट टाकलीच असणार.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तिच्या भावाशी बोलायचं की नाही हे ती ठरवेल. मी तिच्या बाजूने उभा राहीन एवढंच बोललो. त्या नोंदणीकृत कागदाचं आता काय होईल, मला माहीत नाही.

पण वारसनोंदीचा अर्ज केला. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधार कार्डं, आणि वारसांच्या रकान्यात आम्हा चौघांची नावं. तलाठी साहेबांनी परत एकदा विचारलं, "बहिणींची पण ठेवायची?" म्हटलं, हो. ते म्हणाले, "बघा, पुढे विकताना सगळ्यांच्या सह्या लागतील." म्हटलं, लागू देत की, त्यासाठीच लावतोय.

फेरफार धरला, नोटिसा निघाल्या, हरकतीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. नवा सातबारा मी बहिणींना व्हॉट्सअॅपवर पाठवला. थोरलीने नमस्काराची खूण पाठवली. धाकटीचा दोन दिवस काहीच निरोप नाही. मग फोन आला. रडत होती. म्हणाली, "दादा, बाबांच्या नावाखाली माझं नाव छापलेलं पहिल्यांदाच बघितलं रे."

गावात काय बोलतात? एक चुलत भाऊ म्हणाला, "तू शिकलेला आहेस बाबा, तुला परवडतं." त्याचं अगदीच चूक नाही. माझी नोकरी झाली, पेन्शन आहे. ज्याचं पोट त्या दोन एकरांवर आहे त्याला हे माझ्यापेक्षा जास्त जड जाणार. पण ते १८९० चे न्हावी आठवा. परवडत होतं म्हणून त्यांनी वस्तरा ठेवला नव्हता. आणि ज्याचं पोट दोन एकरांवर, त्याची बहीण पण बहुतेक कुणाच्या तरी दोन एकरांवर मजुरीच करत असते.

०००

ज्यांना खरंच करायचंय त्यांच्यासाठी चार सरळ गोष्टी.

एक. आपल्या घरचा सातबारा आणि जुने फेरफार काढून बघा. कुणाची नावं आहेत, आणि कुणाची असायला हवी होती पण नाहीत, ते एका कागदावर लिहा. आत्यांची नावंसुद्धा.

दोन. घरात वारसनोंद बाकी असेल तर सगळ्या वारसांची नावं द्या. वारसनोंदीला हक्कसोड लागत नाही. तसं कुणी भासवलं तर नम्रपणे नाही म्हणा. हक्कसोडपत्र हा वेगळा, नोंदणीकृत दस्त असतो आणि तो करायचा की नाही हे फक्त हक्क असणाऱ्या व्यक्तीने ठरवायचं असतं.

तीन. स्वतःच्या नावावर जमीन किंवा घर असेल तर बायकोचं नाव सोबत लावायचा अर्ज द्या. शेतजमिनीचा तलाठ्याकडे, घराचा ग्रामपंचायतीत नाहीतर नगरपालिकेत. फार मोठं काम नाही, एक-दोन हेलपाटे होतील.

चार. बहीण स्वतःहून सहीला आली तर तिला जेवायला घाला, गप्पा मारा, आणि सही न घेता परत पाठवा. माहेर असंच राहील हे तिला तोंडाने सांगा. आपल्याकडे ही वाक्यं मनात ठेवायची सवय असते. ती मोठ्याने बोला.

येत्या भाऊबीजेला ओवाळणीत काय घालायचं, हा प्रश्न मला दरवर्षी पडायचा. यंदा पडला नाही. पण ओवाळणी घातलीच. धाकटीने बजावलंय, "सातबारा दिलास म्हणून साडी चुकवायची नाही."

नाही चुकवणार.